डिस्ने वर्ल्डला सहकुटुंब: तारखा, तिकिटं, मुक्काम आणि पैशांचं गणित

फ्लोरिडातल्या ऑरलँडोजवळचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालं. तेव्हा तिथे मॅजिक किंगडम हे एकच पार्क होतं. आज चार पार्क आहेत: मॅजिक किंगडम, एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि अ‍ॅनिमल किंगडम (१९९८). शिवाय दोन वॉटर पार्क आणि वीसहून अधिक हॉटेलं. चारही पार्कना वेगवेगळी फाटकं आहेत आणि एपकॉट-हॉलिवूड स्टुडिओज ही जोडी सोडली तर एकातून दुसऱ्यात चालत जाता येत नाही. त्यामुळे ‘एक दिवस डिस्ने बघून येऊ’ या बोलण्याला अर्थ नाही, एका दिवसात एकच पार्क होतं आणि तेही धावतपळत.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, पहिल्यांदाच जाणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे. भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील तर काय बदलतं, तेही सांगितलं आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इथला खर्च पाण्याच्या बाटल्या वाचवून कमी होत नाही. कधी जायचं, किती दिवस, कुठे राहायचं आणि रांग टाळायला किती मोजायचे, या चार निर्णयांत नव्वद टक्के बिल ठरून जातं, आणि हे चारही निर्णय घरबसल्या, काही महिने आधी घ्यायचे असतात.

पायरी १: तारखा

तिकीट आणि खोली, दोन्हींचे दर तारखेप्रमाणे बदलतात. एका दिवसाचं तिकीट सर्वांत स्वस्त दिवशी ११९ डॉलरपासून सुरू होतं आणि नाताळात मॅजिक किंगडमसाठी २०० डॉलरच्या घरात जातं. त्याच आठवड्यात खोलीही दुप्पट होते आणि रांगाही. नाताळ ते नववर्ष, ईस्टरच्या आसपासच्या सुट्ट्या आणि थँक्सगिव्हिंगचा आठवडा शक्यतो सोडा.

तुलनेने सोपे दिवस म्हणजे जानेवारीचा शेवटचा आठवडा, ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर आणि थँक्सगिव्हिंगनंतरचे डिसेंबरचे पहिले दहा-बारा दिवस. सप्टेंबर सर्वांत स्वस्त, पण उकाडा मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देणारा, रोज दुपारी गडगडाटी पाऊस आणि वादळांचा मोसम (१ जून ते ३० नोव्हेंबर) ऐन भरात. आजी-आजोबांना घेऊन जाणार असाल तर सप्टेंबर नकोच, जानेवारी-फेब्रुवारी बघा. थंडी असते, पण चालायला बरं.

न्यू जर्सीतल्या मंडळींसाठी खास सूचना. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षक परिषदेमुळे गुरुवार-शुक्रवार शाळा बंद असतात आणि अर्धी जर्सी त्या आठवड्यात ऑरलँडोत असते. तिथे त्याला ‘जर्सी वीक’ असंच म्हणतात. जर्सीतल्या एडिसनची गर्दी टाळायला एडिसनकरांसोबतच जायचं, असा प्रकार होतो. शाळेचे दोन-तीन दिवस बुडवायची तयारी असेल तर डिसेंबरचा पहिला आठवडा कितीतरी बरा.

तारखा पक्क्या करण्याआधी मॅजिक किंगडमचं वेळापत्रक उघडा. ऑगस्ट ते ऑक्टोबर हॅलोवीनच्या आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नाताळच्या पार्ट्या असतात, त्यांचं तिकीट वेगळं. पार्टीच्या दिवशी साध्या तिकीटवाल्यांना संध्याकाळी ६ वाजता बाहेर काढतात आणि रात्रीची आतषबाजी हुकते. पण याची दुसरी बाजूही आहे: संध्याकाळ लवकर संपते म्हणून लोक तो दिवस टाळतात आणि दिवसा रांगा छोट्या असतात. आतषबाजी दुसऱ्या रात्री बघायची सोय असेल तर पार्टीचाच दिवस मुद्दाम निवडा.

पायरी २: किती दिवस, कोणतं तिकीट

तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. तीन ते नऊ वर्षांपर्यंत मुलांचं तिकीट, पण ते मोठ्यांपेक्षा थोडंसंच स्वस्त. दहा पूर्ण झाली की मोठ्यांचं. म्हणजे मोठी बचत एकाच ठिकाणी आहे: धाकट्याच्या तिसऱ्या वाढदिवसाआधी जाऊन येणं. अर्थात त्याला काही आठवणार नाही, हेही खरं. सगळ्यांत धाकटं मूल पाच-सहा वर्षांचं झाल्यावर पैसे वसूल होतात.

जास्त दिवसांच्या तिकिटात दर दिवसाचा भाव उतरत जातो. म्हणून चारऐवजी तीन दिवसांचं घेतलं तर चौथा हिस्सा वाचतो, असं होत नाही. वाचतं ते त्या दिवसाचं खोलीभाडं आणि जेवण. हिशेब करताना वाढीव दिवसाची किंमत म्हणजे तिकिटातला फरक अधिक एक रात्र अधिक चौघांचं खाणं, अशी धरा.

पहिल्या फेरीला चार दिवसांचं तिकीट योग्य. ते सात दिवसांत कधीही वापरता येतं, म्हणजे मध्ये एक विश्रांतीचा दिवस सहज बसतो, आणि तो बसवाच. दोन दिवस सलग पार्क, तिसऱ्या दिवशी पोहणं आणि झोप, मग उरलेले दोन. सलग चार दिवस केले तर तिसऱ्या दिवशी दुपारी मुलं रडतात आणि मोठे भांडतात. रोजचं चालणं सहज दहा किलोमीटरच्या पुढे जातं.

पार्क हॉपर, म्हणजे एकाच दिवशी दुसऱ्या पार्कात जायची सोय, पहिल्या वेळी घेऊ नका. प्रवासात तास जातो आणि पैसे माणशी वाढतात. तसंच ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सल या दुसऱ्या थीम पार्कचं. त्यांचं एपिक युनिव्हर्स हे नवं पार्क मे २०२५ मध्ये उघडल्यापासून ‘दोन्ही उरकून घेऊ’ असा मोह सगळ्यांना होतो. कंपनी वेगळी, तिकीट वेगळं, जागा वेगळी. पाच दिवसांत लहान मुलांसह दोन्ही करायला गेलात तर दोन्ही अर्धवट राहतं.

तिकीट डिस्नेच्या साइटवरून किंवा त्यांच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. अधिकृत विक्रेत्यांकडे थोडी सूट मिळते. ‘उरलेले दोन दिवस स्वस्तात’ असं कुणी विकत असेल तर लांब राहा: तिकीट ज्याच्या नावावर त्यालाच चालतं आणि फाटकावर बोटाचा ठसा जुळवतात. हायवेवरच्या ‘स्वस्त तिकीट’ पाट्यांमागे बहुतेक वेळा टाइमशेअरची (सुट्टीच्या घरातल्या हिश्शाची) विक्री असते. दोन तास म्हणता म्हणता अर्धा दिवस खुर्चीत बसवून ठेवतात.

पायरी ३: मुक्काम

डिस्नेच्या स्वस्त गटातली हॉटेलं म्हणजे तीन ऑल-स्टार, पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन. खोल्या लहान, पण स्वच्छ. या गटात पॉप सेंच्युरी चांगलं, कारण तिथून स्कायलायनर नावाची केबल कार, मध्ये एकदा बदलून, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला नेते. बसची वाट बघावी लागत नाही, आणि मुलांना तीच एक राइड वाटते. सहा माणसं असतील तर आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन किंवा ऑल-स्टार म्युझिकमधला फॅमिली स्वीट बघा. दोन बाथरूम, मायक्रोवेव्ह आणि छोटा ओटा. आई-बाबा सोबत असताना सकाळी सातला निघायचं तर दोन बाथरूमची किंमत कळते.

डिस्नेच्या कुठल्याही हॉटेलात राहिल्याचे खरे फायदे तीन. पार्क उघडण्याच्या अर्धा तास आधी प्रवेश. फुकट बस, आणि ती मॅजिक किंगडमच्या अगदी दारात सोडते. लायटनिंग लेनचं (पैसे भरून मिळणाऱ्या छोट्या रांगेचं) बुकिंग सात दिवस आधी, बाहेरच्यांना तीनच दिवस आधी. स्वतःच्या गाडीने मॅजिक किंगडमला गेलात तर गाडी लावायची एका टोकाला, तिथून मोनोरेल किंवा बोट, आणि मग फाटक. यात पाऊण तास धरा.

बाहेरचं हॉटेल १०० डॉलरच्या आत मिळतं आणि सकाळचा नाश्ताही असतो. पण त्यात रिसॉर्ट फी, गाडीचं भाडं आणि पार्कचं पार्किंग (दिवसाला साधारण ३० डॉलर) मिळवा. चार माणसांना बऱ्याचदा फरक दिसतो तितका राहत नाही. दोन कुटुंबं मिळून जात असाल तर मात्र गणित उलटं. जवळच्या किसिमी किंवा डेव्हनपोर्ट गावात तीन-चार खोल्यांचं घर, मागे छोटा पूल, स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचं यंत्र. ऑरलँडोत भारतीय किराणा दुकानं आहेत. पहिल्या दिवशी तांदूळ, डाळ, दही, पोळ्या आणून ठेवल्या की रात्रीचं वरण-भाताचं जेवण घरी होतं. घराचं भाडं बघताना साफसफाईची फी आणि कर मिळवूनच तुलना करा, पहिला आकडा फसवा असतो.

पायरी ४: पैशांचं गणित

दोन मोठे, सहा आणि नऊ वर्षांची दोन मुलं, मध्यम गर्दीचा आठवडा, पाच रात्री, चार दिवसांची तिकिटं. आकडे अंदाजासाठी धरले आहेत, तुमच्या तारखांचे भाव टाकून बदला.

तिकिटं, करासकट: २,२५० डॉलर
खोली, १८० डॉलरप्रमाणे पाच रात्री आणि साडेबारा टक्के कर: १,०१५
खाणं: ७००
लायटनिंग लेन, फक्त दोन दिवस: २२०
विमानतळावरून जाणं-येणं: १२०
खेळणी, टिप, किरकोळ: १५०

बेरीज साधारण ४,४५५ डॉलर, विमानभाडं वेगळं. अर्धे पैसे तिकिटातच जातात, म्हणून सूट शोधायची ती आधी तिथे आणि खोलीत. चिप्सच्या पाकिटावर डोकं खर्च करू नका.

हे पैसे क्रेडिट कार्डावर टाकून नंतर व्याज भरत बसण्यापेक्षा आधी जमवा. पंधरा महिने आधी ठरवलंत तर महिन्याला ३०० डॉलर बाजूला पडले पाहिजेत. डिस्नेचं खोली-तिकिटांचं पॅकेज २०० डॉलर भरून अडवता येतं, बाकीची रक्कम येण्याच्या तीस दिवस आधीपर्यंत हवी तशी थोडी थोडी भरता येते. तोवर रद्द केलं तर पैसे परत. नंतर नवी सवलत जाहीर झाली आणि खोल्या शिल्लक असतील तर फोन करून आपल्या बुकिंगला ती लावून मागा, आपण होऊन कुणी लावत नाही.

डिस्नेची गिफ्ट कार्डं टार्गेटच्या कार्डावर पाच टक्के सवलतीने मिळतात, सॅम्स क्लबमध्येही थोडी स्वस्त असतात. दर महिन्याला एखादं घेऊन पॅकेजच्या हप्त्यात भरायचं. वापरलेलं कार्ड मात्र टाकून देऊ नका. बुकिंग रद्द झालं तर पैसे त्याच कार्डावर परत येतात, आणि कार्ड कचऱ्यात गेलं असेल तर ते सोडवून घेताना नाकी नऊ येतात.

वादळाच्या मोसमात जात असाल तर एवढं माहीत असू द्या: येण्याच्या सात दिवसांच्या आत ऑरलँडो भागाला चक्रीवादळाचा इशारा लागला तर डिस्ने स्वतःचा दंड न लावता तारीख बदलून देतं. विमान कंपनीचा नियम वेगळा असतो, तो आधीच वाचा.

भारतातून आलेल्या आई-बाबांचा प्रवासी आरोग्य विमा सहलीच्या तारखांनाही चालू आहे ना, ते बघा. उन्हात चक्कर येऊन एक रात्र इस्पितळात काढावी लागली तर त्याचं बिल सहलीपेक्षा मोठं होतं.

पायरी ५: अ‍ॅप आणि बुकिंगच्या तारखा

‘माय डिस्ने एक्सपिरियन्स’ हे अ‍ॅप घरीच लावा. एकाच खात्यात सगळ्यांची नावं घाला आणि सगळी तिकिटं त्या नावांना जोडा. दोन कुटुंबं असतील तर एकमेकांना ‘फॅमिली अँड फ्रेंड्स’मध्ये जोडून परवानगी द्या. हे राहिलं की बुकिंगच्या सकाळी अर्ध्यांना नऊची वेळ मिळते, अर्ध्यांना चारची.

साठ दिवस आधी सकाळी ६ वाजता (पूर्व किनाऱ्याची वेळ) बसून जेवायच्या रेस्टॉरंटची नोंदणी उघडते. एखादंच ठेवा. ऐन वेळी गेला नाहीत तर माणशी १० डॉलर कापतात, जायचं नसेल तर दोन तास आधी रद्द करा. सहा किंवा जास्त माणसं असतील तर बिलात १८ टक्के टिप आधीच घातलेली असते. बिल नीट वाचा, नाहीतर टिप दोनदा जाते.

सात दिवस आधी (बाहेर राहणाऱ्यांना तीन) सकाळी ७ वाजता लायटनिंग लेन. यात दोन प्रकार. मल्टी पासमध्ये एका पार्कातल्या तीन राइडच्या वेळा आधी घेता येतात, एक वापरली की अ‍ॅपमधून पुढची. सिंगल पास सर्वांत मागणी असलेल्या राइडचा, प्रत्येकाचे वेगळे पैसे: मॅजिक किंगडममध्ये सेव्हन ड्वॉर्व्ह्ज माइन ट्रेन आणि ट्रॉन, एपकॉटमध्ये गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी, हॉलिवूड स्टुडिओजमध्ये राइज ऑफ द रेझिस्टन्स, अ‍ॅनिमल किंगडममध्ये फ्लाइट ऑफ पॅसेज. दोन्हींचे भाव तारखेप्रमाणे चढतात.

आमचं मत: मल्टी पास फक्त मॅजिक किंगडम आणि हॉलिवूड स्टुडिओजच्या दिवशी घ्या. अ‍ॅनिमल किंगडमला सकाळी उघडताक्षणी पोहोचलात तर मोठ्या राइड दुपारपर्यंत तशाच होतात. पहिल्या तीन वेळा दुपारी अकरानंतरच्या घ्या, सकाळचा पहिला तास-दीड तास साध्या रांगाही लहान असतात. त्या वेळेत पैसे भरून मिळवलेली जागा वापरणं म्हणजे वाया घालवणं.

पायरी ६: उंची आणि गुडघे

मुलांची उंची घरी, बूट घालून मोजा. ट्रॉनला ४८ इंच लागतात. स्पेस माउंटन, एक्सपिडिशन एव्हरेस्ट आणि फ्लाइट ऑफ पॅसेजला ४४, गार्डियन्सला ४२, टॉवर ऑफ टेररला ४०, सेव्हन ड्वॉर्व्ह्ज आणि स्लिंकी डॉग डॅशला ३८. दारात पुन्हा पट्टी लावतात आणि अर्धा इंच कमी भरला तरी सोडत नाहीत. त्यामुळे जी राइड होणार नाही तिचं नाव आधी घरात काढूच नका. धाकटं बसत नसेल तर दारातल्या कर्मचाऱ्याकडे ‘रायडर स्विच’ मागा: एक पालक खाली मुलाजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पूर्ण रांग पुन्हा लावावी लागत नाही.

आजी-आजोबांना घरी चालण्याचा त्रास नसला तरी इथे व्हीलचेअर घ्यायला लाजू नका, पार्कातच भाड्याने मिळते. मात्र व्हीलचेअर आहे म्हणून रांग चुकत नाही, बहुतेक ठिकाणी त्याच रांगेतून खुर्ची ढकलत न्यावी लागते. गुडघेदुखीसाठी वेगळा पास मिळेल या भरवशावर राहू नका.

आणि त्यांच्यासाठी चारही दिवसांचं तिकीट काढायलाच हवं असं नाही. दोन दिवस पुरतात. उरलेल्या दिवशी स्कायलायनर, मोनोरेल आणि डिस्ने स्प्रिंग्ज या दुकानं-रेस्टॉरंटांच्या परिसरातला फेरफटका तिकिटाविना होतो. मॅजिक किंगडमची आतषबाजी पॉलिनेशियन हॉटेलच्या तळ्याकाठच्या वाळूवरून बसून बघता येते, धक्काबुक्की न होता.

पायरी ७: खाणं

बाहेरचं खाणं आत नेता येतं. काच आणि दारू चालत नाही, सुटा बर्फही नाही. म्हणून बाटलीत पाणी रात्रीच गोठवून डब्याशेजारी ठेवा. चिवडा, दशम्या, लाडू, पराठ्याच्या गुंडाळ्या, सगळं चालतं. सकाळचा नाश्ता खोलीवर आणि दुपारचा डबा सोबत नेला की दिवसाचे पन्नास-साठ डॉलर सहज वाचतात. पाणी विकत घेऊ नका: झटपट खाण्याच्या कुठल्याही काउंटरवर थंड पाण्याचा पेला फुकट मिळतो. नळाच्या पाण्याला गंधकाचा वास येतो, मुलं तोंड वाकडं करतात, म्हणून लिंबाच्या सरबताची पावडर बरोबर असू द्या.

शाकाहारी लोकांचे हाल होत नाहीत, पण चार दिवस फ्राइज आणि चीज पिझ्झावर राहायचं नसेल तर जागा माहीत हव्यात. अ‍ॅनिमल किंगडममध्ये सातुली कँटीनला भात-भाज्यांचे वाडगे मिळतात. अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजमधलं ‘सना’ हे आफ्रिकी आणि भारतीय चवीचं रेस्टॉरंट आहे. तिथली नान आणि चटण्यांची ‘ब्रेड सर्व्हिस’ चौघांत वाटून खाता येते, आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. केकात अंडं आणि मार्शमॅलोत जिलेटिन असतं, हे पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावं. बसून जेवायच्या ठिकाणी शेफ स्वतः टेबलाशी येऊन सांगतो.

काउंटरवरचं खाणं अ‍ॅपवरून सकाळी दहालाच मागवून साडेअकराची वेळ घ्या. बारा ते दीडमध्ये मागवायला गेलात तर सगळ्या वेळा भरलेल्या असतात.

पायरी ८: एक दिवस कसा जातो

पार्क ९ वाजता उघडत असेल तर हॉटेलवाल्यांना साडेआठला आत सोडतात. त्यासाठी साडेसातला बसथांब्यावर उभं राहावं लागतं. सकाळी सर्वांत मोठ्या रांगेची राइड, मग शेजारच्या दोन. साडेअकराला जेवण. साडेबारा ते चार हॉटेलवर: झोप, पोहणं. याच वेळात पार्कात ऊन, गर्दी आणि उन्हाळ्यात वीजा असतात. वीज चमकली की उघड्यावरच्या सगळ्या राइड बंद होतात. चारला परत, रात्रीपर्यंत. शेवटच्या मिनिटाला रांगेत शिरलात तरी राइड मिळते, तेव्हा जी राहिली ती तेव्हा.

रेनकोट घरून आणा. खेळण्यांचं दुकान प्रत्येक राइडच्या बाहेर पडायच्या वाटेवर असतं. प्रत्येक मुलाला ४० डॉलरचं गिफ्ट कार्ड पहिल्या दिवशी हातात द्या आणि ‘हे संपलं की संपलं’ म्हणा. दुसऱ्या दिवसापासून तीच मुलं किमतीची चिठ्ठी उलटून बघू लागतात. फोटोसाठी वेगळं पॅकेज घ्यायची गरज नाही, किल्ल्यासमोरच्या डिस्नेच्या फोटोग्राफरला तुमचा फोन दिलात तर तोच फोटो फुकट काढून देतो.

निघायच्या दिवशी खोली अकराला सोडावी लागते. सामान हॉटेलच्या बेल सर्व्हिसकडे ठेवा, संध्याकाळचं विमान असेल तर अर्धा दिवस पूल आणि हॉटेल परिसर तुमचाच असतो. पाचचं विमान असेल तर दीडला निघा. ऑरलँडो विमानतळाच्या सुरक्षा रांगेत सगळीकडे थकलेली मुलं आणि ढकलगाड्या असतात, आणि तिथे लायटनिंग लेन नाही.